न तळलेले चिप्स

आमच्या घरात खाण्याचे दोन कायदे होते आणि ते दोन गावांहून आले होते. बाबांचा कायदा आर्वीकडचा: ताटात काही टाकायचं नाही. आवडो न आवडो, वाढलं ते संपवायचं, आणि तोंड वाकडं न करता संपवायचं. आईचा कायदा काटोलकडचा: ताट रिकामं दिसलं की वाढायचं, कुणाला रिकाम्या ताटावर बसू द्यायचं नाही. आपापल्या गावी हे कायदे चांगलेच चालत असतील. रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, ते एकत्र नांदायला लागले आणि त्या दोघांच्या मधे जो सापडला तो काही सुटला नाही. मावशीचे यजमान एकदा मुक्कामाला आले होते. त्यांना कारलं मुळीच आवडत नसे. बिचाऱ्यांनी विचार केला असेल की ही ब्याद आधी संपवून मोकळं व्हावं. आईनं त्यांना तीन वेळा कारलं वाढलं आणि निघताना प्रवासासाठी डब्यातही बांधून दिलं. मावशीनं हे पुढं कितीतरी वर्षं हसत हसत सांगितलं. मीही हसायची. आपलंही तेच होऊन राहिलंय हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मी एकुलती एक. नाव प्रणिता, पण घरात आणि गल्लीत पनू. बाबा सरकारी नोकरीत, कारकुनाचे हेडक्लार्क झालेले. आजोबा रेल्वेत लागून इकडे आले, ते इथलेच झाले. घरात आम्ही वऱ्हाडी बोलायचो, जिन्यावर हिंदी, आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. बटाटा हा शब्द मला फक्त शाळेच्या पुस्तकातून माहीत होता. घरी तो आलूच होता, आणि तो आमच्या घरात धान्याइतकाच महत्त्वाचा होता, कारण बाबांना रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चहासोबत एक प्लेट तळलेले आलूचे चिप्स लागायचे. बाकी कसलीच आवड त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. फाल्गुन लागला की आई पोतंभर आलू आणायची, ते सोलायचे, चिप्सच्या किसणीवर पाडायचे, तुरटीच्या पाण्यात एक उकळी काढायची आणि गच्चीवर जुन्या धोतरांवर एकेक पसरून वाळवायचे. दोन दिवसांत ते वाळून खडखड वाजायला लागायचे. पत्र्याचे तीन मोठे डबे भरायचे. मग वर्षभर रोज साडेपाचला कढईत मूठभर टाकले की ते फुलून दुप्पट व्हायचे आणि सगळ्या जिन्यात तेलाचा वास जायचा. खालच्या मजल्यावरच्या दुबे चाची त्या वासावरून ओळखायच्या की पनूचे बाबा आले.

त्या सुमाराला आमचं शहर राजधानी झालं. आदल्या दिवशीपर्यंत जिथं लोक पाय मोडला की जायचे, त्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय बसलं, आणि बाबांची बदली तिथं झाली. भोपाळहून ट्रक भरभरून लाल कापडातले बस्ते यायचे आणि ते सोडून, लावून, कुठला कागद कुणाचा हे ठरवायचं काम बाबांसारख्या माणसांवर पडलं. बाबा नऊला जायचे, आठला यायचे. चिप्स साडेपाचऐवजी आठला तळले जायला लागले आणि मूठ वाढत गेली. होळीच्या आधी एका दुपारी ऑफिसचे चपराशी, साहू भैया, स्कूटरवर आमच्या दारात आले. बाबांच्या छातीत दुखलं होतं. आई चप्पल न घालता स्कूटरवर बसली. मी मागून सायकलनं गेले.

बाबा वाचले. दहा दिवसांनी घरी आले, आणि कागदावर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोष्टींमध्ये पहिलीच ओळ होती: तळलेलं बंद. आईनं त्या वर्षी वाळवण केलं नाही. जुने डबे तिनं दुबे चाचींना देऊन टाकले. संध्याकाळी चहाचा कप हातात घेऊन बाबा दुसरा हात मांडीवर नुसताच उघडा ठेवायचे. तो हात आईला बघवत नव्हता. मलाही नाही.

याच काळात मला नागपूरचं पत्र आलं होतं. आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर बहिऱ्या मुलांची एक शाळा होती. सुटल्यावर ती मुलं फाटकाशी उभी राहून हातांनी इतकी जोरात भांडायची, हसायची, की मी सायकलवरून उतरून बघत राहायची. त्यांना शिकवता यावं म्हणून जो दोन वर्षांचा कोर्स असतो, तो नागपूरच्या एका संस्थेत होता, राहण्याची सोय होती, आणि माझं नाव यादीत लागलं होतं. मी बी.एस्सी. झाले होते, एकवीस वर्षांची होते, आणि जबलपूरच्या एका लग्नाशिवाय घर सोडून कुठं राहिले नव्हते. पत्र मी रोज उघडून बघायची. आईनं ते एकदा माझ्या हातातून घेतलं, वाचलं, घडी केली.

"पनू, बाबाले असं सोडून जाशील तू?" ती म्हणाली. "एक वरीस थांब. नागपूर कुठी पळून चाललं काय?"

मी संस्थेला कळवलं. त्यांनी भलेपणानं लिहिलं की जागा पुढच्या वर्षी ठेवू. मी पत्र स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांखाली अंथरलेल्या कागदाच्या खाली सरकवलं. ते तिथं आहे हे आईला माहीत होतं आणि बाबांनाही असावं, कारण आमच्या घरात तीच एक तिजोरी होती.

चिप्सची कल्पना माझीच. ती दुसऱ्या कुणाची असती तर मला रागवायला कुणी तरी मिळालं असतं. आईच्या भावानं दिलेला एक गोल ओव्हन आमच्याकडे होता, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. दिवाळीला नानखटाईपुरता तो माळ्यावरून उतरायचा. पावसाळा लागला होता, गच्चीवर वाळवायची सोय नव्हती, आणि मला वाटलं की आलू वाळवून तळायच्या ऐवजी ओलाच भाजला तर? पहिल्यांदा कोळसा झाला. दुसऱ्यांदा वरून करपला, आतून कच्चा. मग हट्टालाच पेटले. पंधरा दिवसांत मला कळलं की काप कागदासारखे पातळ हवेत, ते पाण्यात अर्धा तास ठेवून पांढरं सत्त्व काढून टाकायला हवं, मग कोरड्या धोतरावर ठेवून एकेक काप टिपायला हवा. पूर्ण थाळीला एक चमचा तेल, तेही हातानं चोळून. मीठ शेवटी, कारण आधी लावलं की आलू पाणी सोडतो आणि काप चिवट होतात. कोल्ड स्टोरेजचा आलू घ्यायचा नाही, तो गोड असतो आणि लवकर लाल पडतो. ओव्हनला बटण एकच होतं, चालू किंवा बंद, त्यामुळं काचेतून बघत उभं राहायचं आणि कडा पिवळ्या झाल्या की उलटायचे. दोन मिनिटं नजर हलली की गेले. एका वेळी बावीस काप बसायचे. एका प्लेटला तीन घाणे.

ज्या दिवशी ते जमले, त्या दिवशी मी प्लेट बाबांसमोर ठेवली आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी एक उचलला. कुर्रकन आवाज झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका तो आवाज मला गोड वाटला.

"वा!" बाबा म्हणाले. "एकदम कुरकुरीत."

त्यांनी प्लेट संपवली. आईनं पुन्हा भरली. त्यांनी तीही संपवली.

आणि झालं. दुसऱ्या दिवसापासून चार वाजता मी किसणी घेऊन बसायची आणि साडेपाचला उठायची. आजारानंतर बाबांना ऑफिसातून लवकर सोडायचे, म्हणून जुनी वेळ परत आली होती. आठ दिवसांनी आईला सुचलं की ऑफिसातही डबा द्यावा, तिथं ते समोसे-भजी खातील. म्हणून सकाळी सातलाही ओव्हन लागायला लागला. बाबांचा डबा रोज रिकामा परत यायचा, पुसल्यासारखा. आई तो मला उलटा करून दाखवायची. "पाह्य, एक तुकडा नाही ठेवला!" आणि दुसऱ्या दिवशी थोडे जास्त टाकायची. तीन घाण्यांचे चार झाले, चाराचे पाच.

स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवर उघडायची. ओव्हनपाशी उभं राहून मला एका डोळ्यानं चिप्स दिसायचे आणि एका डोळ्यानं गल्ली. नवीन राज्य त्या गल्लीतून येत होतं असं मला वाटायचं. भाड्याचं घर शोधणारे लोक यायचे, भोपाळचे, बिलासपूरचे, कुठकुठले, हातात चिठ्ठी घेऊन दारं वाजवायचे. लाल दिव्याची गाडी एकदा गल्लीच्या तोंडाशी अडकली आणि अर्धा तास भोंगा वाजवत राहिली. पंडरीला नवीन दुकानं निघाल्याचं मैत्रिणी सांगायच्या, बूढ़ा तालाबाच्या काठी संध्याकाळी फिरायला यायचा आग्रह करायच्या. मी म्हणायची, साडेपाचनंतर. साडेपाचनंतर बाबा यायचे, प्लेट, चहा, मग रात्रीचा बिनतेलाचा स्वयंपाक. हळूहळू मैत्रिणींनी विचारणं सोडलं. सगळं जग आपापलं सामान घेऊन रायपूरला येत होतं आणि मला तिथून चार तासांवर जाता येत नव्हतं.

तक्रार कुणाजवळ करायची? कुणी मला कोंडलं नव्हतं. उलट कौतुकच इतकं व्हायचं की कान किटायचे. दुबे चाची येणाऱ्याजाणाऱ्याला वर घेऊन यायच्या आणि ओव्हन दाखवायच्या. "देखो, इसी में बनाती है. बेटी हो तो ऐसी, बाप की जान बचा ली." ज्या मुलीनं बापाचा जीव वाचवलाय, ती जीव घेऊन पळून कशी जाणार? मी हसायची, प्लेट पुढं करायची. आत कुठंतरी मला बाबांचाच राग यायचा. एखाद्या दिवशी तरी दोन चिप्स उरवावेत, नको म्हणावं, कंटाळा आला म्हणावं! ते रोज तेच दोन शब्द बोलायचे आणि प्लेट चाटूनपुसून साफ करायचे. मग मला माझ्या रागाची लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी मी दुसऱ्या दिवशी आणखी पातळ काप पाडायची. आज माझे केस पिकलेत, तरी एखाद्याच्या घरी ओव्हन लागलेला दिसला की माझे खांदे आपोआप आवळले जातात.

वर्ष असं गेलं. जूनमध्ये संस्थेचं दुसरं पत्र आलं. भाषा सौम्यच होती, पण यंदा आला नाहीत तर नाव काढावं लागेल असं त्यात लिहिलं होतं, आणि हजर व्हायला बारा दिवस होते. मी ते आईला दाखवलं. तिनं वाचलं, फळीवरचा कागद उचलला आणि पहिल्या पत्राच्या शेजारी ठेवलं. त्या दिवशी मी प्लेट घेऊन गेले तेव्हा वाटलं, आज विचारावं. बाबा म्हणाले, "वा, एकदम कुरकुरीत," आणि माझा धीर गेला. बारा दिवसांचे पाच झाले.

त्या दिवशी बाबा दुपारची गोळी घरीच विसरले. आईला ती दोनच्या सुमाराला पाण्याच्या माठाजवळ दिसली. "जाय पनू, देऊन ये. पन चारच्या आत ये, तुले आलू पाडाचे आहेत." मी सायकल काढली. जूनचं ऊन, पाऊस अजून आला नव्हता, खोदलेल्या रस्त्यांची धूळ दातांत जात होती, आणि तरी मला बरं वाटत होतं. वर्षभरात भर दुपारी मी एकटी अशी बाहेर पडले नव्हते.

बाबांच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर साहू भैया बसले होते, आणखी दोन चपराशी खाली बसले होते, आणि मधे आमचा डबा उघडा होता. मी तो झाकणावरच्या पोच्यावरून ओळखला. साहू भैयांनी मला बघून गडबडीनं हात पुसले, पण चेहरा मात्र आनंदानं फुलला.

"आवव दीदी, आवव! तुंहर हाथ के चिप्स अब्बड़ मिठाथे. हमन रोज अगोरथन." म्हणजे ते रोज त्यांची वाट बघायचे.

"अउ साहब?" मी विचारलं. "साहब नइ खाय?"

"साहब तो मुर्रा अउ फुटे चना खाथे. ओ बाहिर बइठे हे, बर के छांव म."

मी व्हरांड्याच्या टोकाला गेले. वडाखाली एक ठेलेवाला होता. बाबा कठड्यावर बसले होते, पाय हलवत, हातात वर्तमानपत्राचा पुडा. मुरमुरे आणि फुटाणे. त्यांनी एक मूठ वर उडवून तोंडात झेलली, अर्धी सांडली, आणि शेजारच्या माणसाशी बोलता बोलता ते मोठ्यानं हसले. तसं खाताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं. भाजलेले फुटाणे. त्याला तेल लागत नाही, ओव्हन लागत नाही, आणि मुलगी लागत नाही.

मी गोळी साहू भैयांजवळ दिली, मी आले होते हे सांगू नका म्हटलं, आणि परत फिरले. रस्ताभर काय विचार केला ते आठवत नाही. एवढं आठवतं की चारला पाच मिनिटं कमी असताना मी घरी पोचले, आणि मी आलू सोलायला घेतले. हातांना सवयच तशी लागली होती. पाण्यात टाकले, टिपले, तेल चोळलं, काचेतून बघत उभी राहिले. एकही काप करपला नाही. ते वर्षातले सगळ्यात चांगले चिप्स झाले होते.

बाबा आले. हात धुतले, बसले. मी प्लेट ठेवली आणि या वेळी मी आवाज ऐकत बसले नाही, त्यांच्याकडे बघितलं. एक चिप्स, मग चहाचा घोट. एक चिप्स, मग घोट. चहा संपल्यावर पाणी. औषध घ्यावं तसे ते खात होते, आणि हे मला वर्षभर दिसलं नव्हतं, कारण मी नेहमी प्लेटीकडे बघायची. प्लेट रिकामी झाली. आईनं डबा उघडला आणि वाढायला हात पुढं केला.

"बाबा," मी म्हणाले, "तुमाले हे आवडत नाही न?"

आईचा हात तसाच राहिला. बाबांनी मान वर केली नाही.

"कोन म्हणते?"

"मी आज तुमच्या ऑफिसात आली होती. गोळी द्याले."

गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"अन्न आहे, पोरी," बाबा शेवटी म्हणाले. "तू दीड दीड घंटा उभी राहून करतं. टाकू कसं?"

"टाकू नका, पन सांगाचं तर होतं!"

"काय सांगू? तुह्या तोंडावर म्हणू काय, का पुठ्ठ्यासारखं लागते म्हणून?" ते एकदम चिडले, आणि चिडल्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. "मले वाटलं तुहं मन रमलं यात. नागपूरचं तू नावच घेत नाही. म्हटलं, पोट्टी खुश आहे न, मंग खाऊन घेऊ."

"मी नाव नव्हती घेत, कारन तुम्ही रोज प्लेट साफ करत होते!"

मी ओरडले होते. बाबांवर मी आयुष्यात ओरडले ती तेवढीच वेळ. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनाही वर्षभर माझ्याच प्लेटीनं कोंडून ठेवलं होतं, आणि ते त्यांना आत्ता कळत होतं.

तेव्हा आई बोलली. हातातला डबा तिनं खाली ठेवला नव्हता.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "ह्यायच्या शर्टाच्या खिशात फुटाण्याची टरफलं निघतात. सावनापासून निघून राहिले."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तर तू गेली असती." तिनं ते सरळ सांगून टाकलं. "अन् मंग मी एकटी. जिन्यात कोनाचा पाय वाजला तरी मले वाटते साहूच आला सांगाले. तू असली का बरं वाटते. बस, एवढंच."

मला राग आला. आईवर इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. ती दर आठवड्याला कपडे धुताना खिशातून टरफलं काढायची, नळाखाली टाकायची, आणि वर येऊन मला रिकामा डबा उलटा करून दाखवायची. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलंय, मीही जिन्यातल्या पावलांना घाबरून पाहिलंय, आणि तिला काय झालं होतं ते मला कळतं. तरी हे लिहिताना थोडा राग अजून येतोच. तो आहे तसा राहू दे.

एक गोष्ट माझीही सांगायला हवी. त्या संध्याकाळनंतर मला अडवणारं कुणी राहिलं नाही, आणि मी लगेच ट्रंक भरायला घेतली असेल असं कुणालाही वाटेल. मी भरली नाही. दोन दिवस मी घरात नुसती फिरत राहिले. ओव्हन बंद होता, चार वाजायचे, आणि हातांचं काय करावं ते कळायचं नाही. नागपूरला कोण असेल, तिथल्या मुलांच्या हातांचं बोलणं मला येईल का, हे प्रश्न मी वर्षभर चिप्सच्या मागं दडवून ठेवले होते. बाबांच्या प्लेटीनं मला अडकवलं हे खरं, पण काही दिवस मीही त्या प्लेटीला धरून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दोन्ही पत्रं ओव्हनच्या झाकणावर ठेवलेली होती. आई पाठमोरी भाकरी थापत होती.

"ट्रंक माळ्यावरची काढ," ती म्हणाली. "मावशीची मोठी आहे, तेच ने."

निघायच्या दिवशी पहाटेपासून स्वयंपाकघरात मला येऊ दिलं नाही. आतून किसणीचा आवाज येत होता, मग काहीतरी पडल्याचा, मग करपल्याचा वास. बाबांनी आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. स्टेशनवर गाडी हलायला लागली तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांतून तो पोचा पडलेला डबा आत सरकवला. अंगठ्याला पट्टी होती. "रस्त्यात खाजो," म्हणाले. आई त्यांच्या मागं उभी होती, दोन्ही हातांनी स्वतःची पर्स धरून. ती रडली नाही. ती बाबांकडे बघत होती, ते गाडीसोबत चालायला लागतील म्हणून.

डोंगरगड गेल्यावर मी डबा उघडला. काप बोटाएवढे जाड होते. कडा काळ्या, मधे कच्चा आलू. मीठ आधीच चोळलेलं, त्यामुळं सगळे ओले, चिवट, एकमेकांना चिकटलेले. मी खाल्ले. एकेक करून, पाण्याच्या घोटासोबत, सगळे. गोंदिया यायच्या आधी डबा रिकामा होता, आणि पोचल्याच्या पत्रात मी बाबांना लिहिलं: चिप्स छान झाले होते, एकही उरला नाही.

बारा दिवसांनी हॉस्टेलच्या पत्त्यावर पार्सल आलं. डबा त्याहून मोठा होता.

मी तो पलंगावर ठेवून त्याच्यासमोर बसले. खोलीतल्या मुलींना वाटून टाकता आला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. मग तिसरा आला असता, मग चौथा. मी पोस्टकार्ड घेतलं. सांगते, घर सोडणं त्यापेक्षा सोपं होतं. लिहिलं: बाबा, चिप्स चांगले झाले नाहीत. पहिलेही चांगले नव्हते. जाड पडतात, आणि मीठ आधी लावू नका. कार्ड पेटीत टाकल्यावर हात पेटीच्या तोंडाशी थोडा वेळ तसाच राहिला. आठ दिवस मला नीट झोप आली नाही.

उत्तर आलं. बाबांचं अक्षर ऑफिसच्या फाईलीतलं, उजवीकडे झुकलेलं. तब्येत ठीक, पाऊस चांगला, तुझी आई संध्याकाळी दुबे चाचींसोबत तलावापर्यंत फिरून येते. आणि खाली: "या वेळी मीठ मागून लावले. तरी बिघडलेच. तुझ्या आईला वाढले, तिने दोन खाल्ले आणि बाकीचे ताटात टाकले. मी काही बोललो नाही. आता घरीच फुटाणे खातो."